कुंपणी सरकार, पण दुसऱ्या ग्रहावर : वाचकांचे प्रश्न

जुन्या मराठी कागदांत ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्याला ‘कुंपणी सरकार’ म्हणत. ते १८५८ साली गेलं. स्ट्रॅटेजी गेम बनवणाऱ्यांना मात्र भागधारकांच्या राज्याची कल्पना काही सोडवत नाही. १९९९ च्या ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’मध्ये कॉर्पोरेट रिपब्लिक होतं, ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये कॉर्पोरेट लिबर्टेरियनिझम आहे, ‘स्टेलारिस’मध्ये मेगाकॉर्प आहे. तरी या खेपेची बहुतेक पत्रं आली ती ‘सिड मायर्स अल्फा सेंटॉरी’वर, तीही मॉर्गन इंडस्ट्रीज घेऊन खेळणाऱ्यांची.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिरॅक्सिसचा, १९९९ चाच. कायरॉन ग्रहावर सात गट उतरतात, त्यांतल्या एकाचा पुढारी सीईओ न्वाबुडिके मॉर्गन. सरकार तयार मिळत नाही, चार रकान्यांतून जुळवावं लागतं : राजकारण, अर्थकारण, मूल्यं आणि भावी समाज. निवडीगणिक इकॉनॉमी, पोलीस, एफिशियन्सी अशा गुणांची पायरी ० वरून वर किंवा खाली सरकते. बेस म्हणजे वसाहत, एनर्जी म्हणजे पैसा. अर्थकारणात फ्री मार्केट आणि मूल्यांत वेल्थ घेतलं की झालं कंपनी सरकार. खालचे आकडे मूळ खेळातले आहेत.

प्रश्न : मॉर्गन घेतला की सगळे सांगतात, पहिल्या संधीला फ्री मार्केट घे. मी घेतो, पैसा येतो, पण दर दोन-तीन टर्नना कुठल्यातरी बेसमध्ये दंगल. हा सौदा खरंच फायद्याचा आहे का? (सांगली)

बाकीच्या बहुतेक गटांसाठी आहे. मॉर्गनसाठी तितकासा नाही, आणि याचं कारण इकॉनॉमीच्या पायऱ्यांत आहे.

या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. +१ वर प्रत्येक बेसला १ जादा एनर्जी मिळते. +२ वर नकाशावरच्या प्रत्येक राबत्या *चौकोनाला* १. +३ वर तेच, शिवाय व्यापाराचा दर १ ने वाढतो. +४ वर चौकोनाला १, बेसला आणखी २, व्यापार +२. +५ वर बेसला ४ आणि व्यापार +३.

आता बारा बेस धरा, प्रत्येकात ४ वस्ती. बेसचा स्वतःचा चौकोन धरून प्रत्येकी पाच चौकोन राबतात. पाचही चौकोनांतून थोडीफार एनर्जी निघते असं समजू. +१ वर जादा मिळकत १२. +२ वर एकदम ६०. +४ वर ८४, आणि वर व्यापाराचं काय ते. म्हणजे मोठी उडी एकच, +१ वरून +२ वर जाण्याची. त्यापुढच्या दोन पायऱ्या मिळून २४ देतात. (यातून एचक्यूपासूनच्या, म्हणजे राजधानीच्या बेसपासूनच्या, अंतराची गळती वजा होते, ती एफिशियन्सीवर अवलंबून.)

बाकीच्या बहुतेकांना +२ गाठायला फ्री मार्केट लागतं, कारण ते एकटंच +२ देतं. मॉर्गनला जन्मजात +१ आहे. वेल्थ आणखी +१ देतं. झाले +२, आणि अर्थकारणाचा रकाना अजून मोकळाच आहे. तिथे सुरुवातीचं सिंपल राहू दिलंत तरी मोठी उडी पदरात पडली. फ्री मार्केटची किंमत आहे पोलीस (बंदोबस्त) −५ आणि प्लॅनेट (ग्रहाशी मेळ) −३. तुमच्या दंगली त्या −५ मधून येतात. −२ पासून खाली सैनिकांना पोलीस म्हणून वापरताच येत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. इंडस्ट्रियल इकॉनॉमिक्स हा शोध मिळाला की फ्री मार्केट जरूर घ्या. तेव्हा बेस लहान असतात, ड्रोन (नाराज रहिवासी, ज्यांच्यामुळे दंगल होते) कमी असतात, आणि मॉर्गन थेट +३ वर जातो. प्रत्येक बेसमध्ये पहिली इमारत रिक्रिएशन कॉमन्स. दोन ड्रोन शांत होतात. पुढे इंडस्ट्रियल ऑटोमेशन आलं की वेल्थ घ्या आणि त्याच टर्नला स्वतःला विचारा : पुढच्या तीस-चाळीस टर्नांत लढाई आहे का, ग्रहावरची बुरशी आणि तिच्यातले किडे त्रास देत आहेत का? दोन्हीला ‘नाही’ असेल तर फ्री मार्केट ठेवा, +४ ची मजा घ्या. एकाला जरी ‘हो’ असेल तर सिंपलवर या. सेंटॉरी एम्पथी झालेलं असेल तर ग्रीन. डेमोक्रॅटिक, ग्रीन आणि वेल्थ या जुळणीत एफिशियन्सी +४ होते, म्हणजे लांबच्या बेसची गळती फारच कमी. ग्रोथ डेमोक्रॅटिकच्या +२ आणि ग्रीनच्या −२ मध्ये शून्यावर येते, एवढंच दुखणं.

एक छुपा खर्च बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. गायन्सची डियर्ड्रे स्काय फ्री मार्केटवाल्यांचा तिटकारा करते. ती शेजारीण असेल तर करार टिकत नाही, आणि करार नाही तर व्यापार नाही. व्यापार पॅक्टमध्ये (पक्क्या युतीत) पूर्ण मिळतो, नुसत्या ट्रीटीत (मैत्रीच्या करारात) निम्मा. इकॉनॉमीची चौथी पायरी ज्या वाढीव व्यापारासाठी घ्यायची, तोच भागीदार हातचा घालवून बसण्यात अर्थ नाही. भागीदार निवडताना समोरच्याचे बेस किती एनर्जी काढतात ते पाहा. तुमचा पहिला बेस त्याच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी अशा जोड्या लागतात. झाखारोव्हची युनिव्हर्सिटी किंवा प्रवीण लाल यांचे पीसकीपर्स चांगले. हाइव्हच्या यांगला इकॉनॉमी −२ असते. त्याच्याशी व्यापार म्हणजे उसाच्या चिपाडातून रस काढणं.

आणि रकाने एकेक करून बदला. एकाच टर्नला दोन बदल केले तर खर्च दुपटीहून जास्त बसतो.

प्रश्न : हाइव्हवर सहा रोव्हर पाठवले. सीमा ओलांडताच माझ्या सगळ्यात मोठ्या बेसमध्ये काम बंद. फ्री मार्केट + डेमोक्रॅटिक + वेल्थ आहे. मग मॉर्गनने लढायचंच नाही का? (नागपूर)

सहाही रोव्हर त्याच मोठ्या बेसमधून निघाले असणार. पोलीस −५ वर आपल्या हद्दीबाहेरचं प्रत्येक लढाऊ युनिट त्याच्या *मूळ* बेसमध्ये दोन ड्रोन तयार करतं. सहा गुणिले दोन, बारा. एवढे ड्रोन रिक्रिएशन कॉमन्स आणि होलोग्राम थिएटर मिळूनही पचवू शकत नाहीत. युनिट कुठे उभं आहे त्यापेक्षा ते कोणत्या बेसच्या पटावर आहे हे इथे महत्त्वाचं.

सुटकेच्या वाटा आहेत. आमच्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिली, सरकार बदलणं. हल्ल्याच्या आदल्या टर्नला फ्री मार्केट काढून सिंपल करा. पोलीस ० वर येतं, बाहेरच्या युनिटांचे ड्रोन बंद. वेल्थमुळे इकॉनॉमी +२ राहतेच. बदलाचा एकदाचा खर्च सोसायचा. लढाई पाच टर्नांत आटपणार असेल तरी हे परवडतं, कारण दंगल झालेला बेस काहीच देत नाही.

दुसरी, शिक्षेचं गाव. ॲडव्हान्स्ड मिलिटरी अल्गोरिदम्स झालं की एका बेसमध्ये पनिशमेंट स्फिअर बांधता येतो. त्या बेसमध्ये ड्रोनही नाहीत, टॅलेंटही (खूश रहिवासी) नाहीत, संशोधन निम्मं. संशोधन कमी आणि मिनरल (बांधकामाचा कच्चा माल) भरपूर असा बेस निवडा. सगळी चढाईची युनिट तिथे नेऊन ‘होम बेस’ बदलून घ्या. मग ती कायरॉनच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी घरी कोणी हूं की चूं करत नाही. अडचण एकच : तुमच्याकडे डेमोक्रॅटिक आहे. मॉर्गनचा जन्मजात सपोर्ट (युनिट पोसण्याची ऐपत) −१, डेमोक्रॅटिकचा −२, मिळून −३. या पायरीवर एकही युनिट फुकट नाही, प्रत्येकाला दर टर्न १ मिनरल. दहा युनिट म्हणजे दहा मिनरल त्या एकट्या बेसच्या डोक्यावर. बायो-इंजिनिअरिंगनंतर क्लीन रिॲक्टरची युनिट बनवा, त्यांना सपोर्ट लागत नाही.

तिसरी वाट फारसं कोणी वापरत नाही : फ्री मार्केट + पोलीस स्टेट. −५ आणि +२ मिळून −३. इथे नियम सौम्य होतो, एकापेक्षा जास्त युनिट बाहेर असतील तरच जादा ड्रोन. म्हणजे प्रत्येक बेसच्या पटावरचं एक युनिट बिनधास्त बाहेर काढता येतं. बारा बेस, बारा युनिट. सपोर्टही +१ वर जातो, प्रत्येक बेसला तीन युनिट फुकट. पण एफिशियन्सी −२ होते आणि लांबच्या बेसची एनर्जी वाटेतच झिरपते. छोट्या लढाईपुरतं ठीक, राज्य चालवायला नाही.

चौथी वाट कंपनीला शोभणारी. प्रोब टीम (हेरांची तुकडी) लढाऊ युनिटांत मोजली जात नाही. शत्रूचा जो बेस त्याच्या एचक्यूपासून सर्वांत लांब तो फितवायला सर्वांत स्वस्त. पहिला तोच घ्या. आतली युनिट इमारतींसकट तुमची होतात. एचक्यू मात्र फितवता येत नाही.

प्रश्न : माझे सगळे बेस ४ वर अडकतात. अन्न भरपूर आहे. बग आहे का? (पणजी)

बग नाही, मॉर्गनच्या माणसांना ऐसपैस घरं लागतात. बाकीच्यांची मर्यादा ७, त्याची ४. हॅब कॉम्प्लेक्स बांधलं की १४ ऐवजी ११, हॅबिटेशन डोमनंतर मर्यादा संपते. ॲसेटिक व्हर्च्यूज हा गुप्त प्रकल्प मिळाला तर दोनने सैल होते.

४ वर अडकण्याचं खरं नुकसान वेगळंच आहे. ५ वस्तीच्या आत बेसमध्ये डॉक्टरखेरीज दुसरा स्पेशालिस्ट नेमता येत नाही. टेक्निशियन नाही, लायब्रेरियन नाही. कंपनीच्या राज्यात टेक्निशियन नाही म्हणजे पेढीवर मुनीम नाही.

म्हणून संशोधनाचा रोख सुरुवातीपासून इंडस्ट्रियल ऑटोमेशनवर. मॉर्गनकडे इंडस्ट्रियल बेस तयार असतं. पुढे इंडस्ट्रियल इकॉनॉमिक्स, इन्फर्मेशन नेटवर्क्स, प्लॅनेटरी नेटवर्क्स आणि मग ऑटोमेशन, अशी चार पावलं. त्या एका शोधातून हॅब कॉम्प्लेक्स, सप्लाय क्रॉलर (माल वाहणारी गाडी) आणि वेल्थ तिन्ही हाती येतात. ‘ब्लाइंड रिसर्च’ चालू असेल तर शोध नावाने निवडता येत नाही, फक्त दिशा देता येते. तेव्हा ‘बिल्ड’वर खूण करा किंवा नवा डाव मांडताना नियमांत तो पर्याय बंद करा. आम्ही बंद करतो.

प्रश्न : पैसा आहे, पण घाईने बांधकाम पुरं करायला खेळ कधी १२० मागतो, कधी अडीचशे. तीच इमारत! (ठाणे)

तीच इमारत, पण जमा मिनरल वेगळे. हॅब कॉम्प्लेक्सची किंमत मिनरलच्या आठ ओळी. वेल्थमुळे इंडस्ट्री +१ असेल तर ओळ १० ऐवजी ९ मिनरलची, एकूण ७२. इमारतीला उरलेल्या प्रत्येक मिनरलमागे २ क्रेडिट पडतात. मात्र जमा मिनरल १० च्या आत असतील तर दर दुप्पट. ९ जमा असताना उरले ६३, दर ४, मागणी २५२. पुढच्या टर्नला १२ जमा झाले तर उरले ६०, दर २, मागणी १२०. एका टर्नची कळ काढली की १३२ क्रेडिट वाचतात.

यातून सवय अशी लावा : प्रत्येक बेसमध्ये काम आधी आपोआप १० च्या पुढे जाऊ द्या, मग पाकीट उघडा. पूर्ण रक्कम भरायचीही गरज नसते. रकमेच्या चौकटीत स्वतः आकडा टाकता येतो. ६० उरले आहेत आणि बेस टर्नला ८ मिनरल काढतो, तर ५२ चेच, म्हणजे १०४ भरा. उरलेले ८ टर्न संपताना बेस स्वतः घालतो. बारा बेसमध्ये दर वेळी १६ वाचले तर बघा.

मोठ्या गुप्त प्रकल्पांना दर ४ चा आहे, तिथे रोकड ओतण्यापेक्षा क्रॉलर बनवून प्रकल्पात घाला. सैनिकी युनिटचा दर तर रक्कम वाढेल तसा चढत जातो. शत्रू दारात आल्यावर युनिट विकत घेणं हा मॉर्गनवाल्यांचा आवडता आणि सर्वांत महाग छंद आहे.

प्रश्न : प्लॅन्ड अर्थकारण मॉर्गनला बंद आहे. मग लोकसंख्येची झपाट्याने वाढ कशी करायची? (अकोला)

दर टर्नला एक माणूस वाढायला ग्रोथ +६ लागते. डेमोक्रॅटिक +२, बेसमध्ये चिल्ड्रन्स क्रेश +२, उरलेले +२ सुवर्णकाळातून. सुवर्णकाळ म्हणजे बेसमध्ये ड्रोन शून्य आणि निम्मे तरी टॅलेंट. त्यात इकॉनॉमीही +१ होते; फ्री मार्केट आणि वेल्थसकट मॉर्गन +५ वर पोचतो, म्हणजे सायकला (लोकांना खूश ठेवण्याला) घातलेला पैसा बराचसा परत येतो.

आधी प्रत्येक बेसमध्ये रिक्रिएशन कॉमन्स, क्रेश आणि हॅब कॉम्प्लेक्स. हॅब विसरलात तर सगळा थाट ४ वर येऊन थांबेल. मग सायकची टक्केवारी एकदम ३०–४० वर न्या. ड्रोन शून्यावर आले की दर २ सायकला एक कामकरी टॅलेंट होतो. ४ वस्तीला २ टॅलेंट म्हणजे ४ सायक. ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट तुमच्याकडे असेल तर एक टॅलेंट फुकट, मग २ च. वस्ती १० वर गेली की ५ टॅलेंट लागतात, तेव्हा टक्केवारी दर टर्नला पाहावी लागते. एक ड्रोन डोकावला की त्या बेसचा सुवर्णकाळ संपला.

अन्नाची शिल्लक मात्र राहिली पाहिजे, नाहीतर +६ असूनही बेस हलणार नाही. ४ ते ११ जायला सात टर्न. मग सायक खाली आणा. या सात टर्नांत ग्रीन चालत नाही, त्याचं ग्रोथ −२ सगळं गणित मोडतं.

प्रश्न : बुरशी उगवते, किडे येतात, बेस जातो. फ्री मार्केट सोडायचं नाहीये. (कोल्हापूर)

नका सोडू, पण दोन गोष्टी करा.

पहिली बचावाची. जमिनीवर किड्यांशी होणाऱ्या ‘साय’ म्हणजे मनोबळाच्या लढाईत हल्ला करणाऱ्याला ३ ला २ असा वरचष्मा असतो, तुमची बंदूक-चिलखत कितीही भारी असो. ट्रान्स ही खास क्षमता असलेल्या युनिटला बचावात ५० टक्के जादा मिळतात. २ चे ३ झाले, लढाई बरोबरीला आली. सीक्रेट्स ऑफ द ह्यूमन ब्रेननंतर प्रत्येक सीमेवरच्या बेसमध्ये स्वस्तातलं एक ट्रान्स युनिट ठेवा. बेसमध्ये बसलेल्या युनिटचे ड्रोन होत नाहीत. किड्यांवर स्वतःहून चालून जाऊ नका. प्लॅनेट −३ तिथे तुमच्या विरुद्ध जातं आणि वेल्थने मोराल −२ केलेलंच आहे.

दुसरी मुळावरची. बेसचे पहिले १६ मिनरल ग्रहाला खुपत नाहीत, त्यापुढचे खुपतात. फ्री मार्केटमध्ये ते जास्त खुपतात. ही १६ ची मर्यादा वाढवता येते आणि ती कशी वाढते हे थोडं विचित्र आहे : बुरशीचा *पहिला उद्रेक झाल्यानंतर* बांधलेला प्रत्येक ट्री फार्म, हायब्रिड फॉरेस्ट, सेंटॉरी प्रिझर्व्ह किंवा टेंपल ऑफ प्लॅनेट सगळ्या बेसची मर्यादा १ ने वाढवतो. उद्रेकाआधी बांधलेली इमारत यात धरली जात नाही. त्यामुळे शहाणपण उलटं आहे. ट्री फार्म घाईने सगळीकडे बांधून ठेवू नका. एका बेसमध्ये मिनरल मुद्दाम चढवा, ट्रान्सवाला बसवा, एक उद्रेक होऊ द्या आणि मग बांधकामं काढा. खाणी आणि बोअरहोलऐवजी जंगल लावलंत तर ग्रहाची कुरबुर आणखी कमी. बोअरहोलचे ६ मिनरल आणि ६ एनर्जी फ्री मार्केटवाल्याला खुणावतात खरे. एका बेसला एक, त्याहून जास्त नको.

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन ६’मधलं कॉर्पोरेट लिबर्टेरियनिझम आणि ‘स्टेलारिस’चं मेगाकॉर्प यांत मॉर्गनसारखी मजा आहे का? (नाशिक)

पहिल्यात कमी. ते सरकार ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९ च्या विस्तारपॅकमधलं. व्हेंचर पॉलिटिक्स ही सिव्हिक (सामाजिक शोध) झाली की ते सरकार मिळतं. कमर्शियल हब आणि एनकॅम्पमेंट या प्रत्येक डिस्ट्रिक्टमागे शहराचं उत्पादन १० टक्के वाढतं, साठणारी साधनं दर खाणीमागे १ जादा येतात, सायन्स सगळीकडे १० टक्के घटतं. नाव कंपनीचं, काम लष्करी कारखान्याचं. ज्याला रणगाडे हवेत त्याने घ्यावं. अंतराळयान उडवून जिंकायचं असेल तर सायन्सची घट बोचते.

मेगाकॉर्प ही खरी वेगळी चीज. २०१८ च्या डिसेंबरात आलं. इथे स्वतःचे ग्रह वाढवण्यापेक्षा दुसऱ्यांच्या ग्रहांवर ब्रँच ऑफिस उघडण्यात कमाई आहे. त्यासाठी समोरच्याशी कमर्शियल पॅक्ट हवा. एका ग्रहावर एकाच कंपनीचं ऑफिस, म्हणून दाट वस्तीचे ग्रह आधी धरा. ‘क्रिमिनल हेरिटेज’ घेतलंत तर पॅक्ट करताच येत नाही, पण परवानगीशिवाय ऑफिस उघडता येतं. मग यजमान चिडतो, त्याच्या ग्रहावर गुन्हेगारी वाढते. तो खेळ वेगळ्या वृत्तीच्या माणसाचा.

प्रश्न : फ्री मार्केटचे आकडे बदलून स्वतःचं कंपनी सरकार बनवता येईल का? (पुणे)

येतं, नोटपॅड पुरे. मूळ खेळ ‘अल्फा.टीएक्सटी’ वाचतो, त्याचं विस्तारपॅक ‘एलियन क्रॉसफायर’ ‘अल्फाएक्स.टीएक्सटी’. फाइलीची प्रत आधी बाजूला काढा. ‘सोशिओ’ या मथळ्याखाली प्रत्येक पर्यायाची एक ओळ आहे : नाव, लागणाऱ्या शोधाचा संक्षेप, मग परिणाम. आकडे नाहीत, खुणा मोजायच्या. पोलीसपुढे पाच उणे म्हणजे −५. दोन खोडले की −३. स्वल्पविराम हलवू नका, ओळी वाढवू नका, खेळ सुरूच होत नाही. मॉर्गनचे जन्मजात गुण ‘मॉर्गन.टीएक्सटी’मध्ये. बदल करून नवा डाव मांडा. आमचं मत विचाराल तर पोलीसला हात लावू नका. ती किंमत काढली तर फ्री मार्केट न घेण्याचं कारणच उरत नाही.

प्रश्न : ‘जागतिक एनर्जी बाजार काबीज करा’ हा विजय कधी आणि कसा घ्यायचा? दोनदा प्रयत्न फसला. (न्यू जर्सी)

प्लॅनेटरी इकॉनॉमिक्स झाल्याशिवाय पर्याय दिसत नाही. रक्कम ठरते ती बाकीच्यांचे सगळे बेस फितवायला जेवढं लागेल त्यावरून. रक्कम भरल्यावर २० टर्न वाट पाहायची. मधल्या काळात तुमची एचक्यू पडली तर सगळं पाण्यात.

कुठे फसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुधा दोहोंपैकी एक. रक्कम जमेपर्यंत बाकीचे वाढत राहतात, म्हणून मागणीही वाढत राहते. हळूहळू साठवणारा कायम चार पावलं मागे. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या टप्प्यात एकदम जोर. त्याच प्लॅनेटरी इकॉनॉमिक्सवर सगळ्या गटांच्या कौन्सिलमध्ये ग्लोबल ट्रेड पॅक्ट मांडता येतो, त्याने व्यापार दुप्पट होतो. तो आधी मंजूर करून घ्या, मग फ्री मार्केट + वेल्थवर जा, संशोधनाची टक्केवारी उतरवून इकॉनॉमीला द्या आणि घाईची खरेदी पूर्ण थांबवा.

दुसरं म्हणजे सगळी पुंजी बाजारात घालून रिकाम्या हाताने २० टर्न काढायला बसणं. सौदा सुरू झाल्याचं सगळ्यांना कळतं, आणि ज्यांच्याशी पॅक्ट आहे तेही अंतर राखायला लागतात. रक्कम भरण्याआधी एचक्यूत परिमीटर डिफेन्स, तीन-चार चांगले बचावकर्ते (त्यांत एक ट्रान्सवाला, एक विमानविरोधी) आणि त्या २० टर्नांत एचक्यूजवळच्या बेसमध्ये घाईने दोन-तीन युनिट घेता येतील इतकी शिल्लक हवी. एचक्यू किनाऱ्यावर असेल तर सौद्याआधी ती आतल्या बेसमध्ये हलवा; हेडक्वार्टर्स ही इमारत दुसरीकडे बांधली की एचक्यू तिकडे जाते. प्रोब टीमला एचक्यू फितवता येत नसली तरी परिमीटर डिफेन्सची मोडतोड करता येते, आणि ती झाली की मागून रोव्हर येतातच. प्रोब टीम रोखणारा हंटर-सीकर अल्गोरिदम हा प्रकल्प तुमच्याकडे असेल तर ही काळजी मिटली. नसेल तर स्वतःच्या दोन प्रोब टीम एचक्यूत बसवून ठेवा.